मीठ पिकलं का रे?

मी एका जुन्या चित्रपटाची शेवटची फीत आहे. मित्रांनो, तुम्ही मला ओळखणार नाही. तुमच्या काळात चित्रं म्हणे हवेतून येतात आणि हातातल्या काचेवर उमटतात. आमच्या काळात ती सायकलवरून यायची. पत्र्याच्या गोल डब्यात गुंडाळलेली, उन्हात तापलेली, धक्के खात यायची, आणि यायला उशीर झाला तर हजार माणसं अंधारात पाय आपटून शिव्या द्यायची. त्या शिव्यासुद्धा आता मला गोड वाटतात. आपली वाट पाहिली जात होती, एवढं तरी त्यात होतं.

माझा जन्म मनिलातल्या एका छापखान्यात झाला. तिथे कागद छापत नसत, आम्हाला छापत. ज्या मूळ फितीवरून माझा छाप काढला तिला मी आई म्हणते. तिने मला माझ्या अंगावरची सगळी चित्रं समजावून सांगितली. माझ्या आधीच्या बहिणींच्या, म्हणजे त्याच चित्रपटाच्या आधीच्या फितींच्या, वाट्याला मारामाऱ्या, नाच, प्रेम आणि रडारड आली होती. माझ्या वाट्याला आलं एक मिठागर, आणि त्यात उभा असलेला एक माणूस.

त्या माणसाची गोष्ट सांगितल्याशिवाय माझी गोष्ट सांगता येणार नाही.

त्याचं नाव देल्फिन. मनिलाजवळच्या बुलाकानच्या खाडीकाठी त्याच्या आईची मिठागरं होती. आईचं नाव नाताल्या, पण सारं गाव तिला आलिंग ताल्या, म्हणजे ताल्यामावशी, म्हणे. नवरा लवकर गेलेला. बाईने एकटीने वाफे बांधले, फुटक्या खापऱ्या बसवून त्यांचे तळ पक्के केले आणि पोराला उन्हातच वाढवलं. रोज ऊन कलायला लागलं की ती झोपडीच्या दारातून ओरडायची, "मीठ पिकलं का रे?" आणि पोरगा वाफ्यातून उलट ओरडायचा, "पिकलं, आई!" मग ती म्हणायची, "मग ये, भात निवतोय!" हे असं रोज चालायचं. गावातले लोक त्यावरून वेळ ओळखत.

एके दिवशी आलिंग ताल्याने विचारलं आणि उत्तर आलं नाही. तिने पुन्हा विचारलं. शेजारच्या वाफ्यातल्या बाईने शेवटी मान खाली घालून सांगितलं, "अगं, तो मिठाच्या होडीत बसून गेला. सिनेमात जातो म्हणाला." भात तसाच निवला.

मनिलात देल्फिनने काय काय नाही केलं! आधी तो घोड्यावरून पडायचं काम करी. म्हणजे गोष्टीत पडायचा नायक, पण त्याच्या जागी खरोखर पडायचा हा. पडून पडून त्याची हाडं खिळखिळी झाली, तेव्हा एका निर्मात्याचं लक्ष त्याच्या चेहऱ्याकडे गेलं. "अरे, याला नुसता पाठमोरा काय दाखवता!" तो म्हणाला, आणि त्याने देल्फिनचं आडनाव बदलून 'देल मार' केलं. तिकडच्या जुन्या गोऱ्या राज्यकर्त्यांच्या भाषेत त्याचा अर्थ समुद्राचा. झाला मग पोरगा नट. काही वर्षांत तर असं झालं, की तो थिएटरबाहेर आला की मुली त्याच्या सदऱ्याची बटणं तोडून नेत. एका बाईने तर बटण सोन्यात मढवून गळ्यात घातलं होतं.

त्याने आईला पहिल्या कमाईतून रेशमी झगा पाठवला. आलिंग ताल्याने तो मिठाच्या ढिगावर पसरला, पाऊस लागू नये म्हणून. मग त्याने रेडिओ पाठवला. तो तिने शेजारणीला दिला आणि निरोप धाडला, "माझ्या प्रश्नाचं उत्तर यात वाजत नाही." बाई अशी! मिठासारखीच, खारट आणि कोरडी. पण गावात म्हणत, की ऊन कललं की ती अजून दारात येते, तोंड उघडते, आणि काही न बोलता आत जाते.

नट म्हणून भरपूर मिरवून झाल्यावर देल्फिन दिग्दर्शक झाला. तिकडे दिग्दर्शकाला 'दिरेक' म्हणतात. दिरेकने पहिला चित्रपट काढला तो मिठागरातल्या मुलाचा. मुलगा आईच्या रोजच्या प्रश्नाला ओ देत वाढतो, एके दिवशी तिला न सांगता पळून जातो, शहरात नाव काढतो आणि शेवटी परत येतो. नाव ठेवलं 'मिठागराचा राजा'. निर्माता कपाळावर हात मारून म्हणाला, "मीठ बघायला कोण येणार? त्यात निदान एक खून तरी घाल!" दिरेकने खून घातला, नाच घातला, पण शेवटाला हात लावू दिला नाही.

तो शेवट म्हणजे मी. माझ्या अंगावर नायक, म्हणजे दिरेक स्वतःच, वाफ्यात उभा आहे. ऊन कललंय, पाण्यावर पांढरी साय धरलीय. तो वळतो, सरळ समोर बघतो आणि ओरडतो, "पिकलं, आई!"

दुसऱ्याच एका मिठागरात, आईच्या वाफ्यांसारखे वाफे बांधून चित्रण चाललं होतं, तेव्हा कॅमेरावाला वैतागला होता. "दिरेक, कॅमेऱ्यात बघायचं नसतं. एवढी वर्षं काम करताय, हे मी सांगायचं?"

"मी कॅमेऱ्यात कुठे बघतोय?" दिरेक म्हणाला. "मी दाराकडे बघतोय."

"दार कुठाय इथं?"

"आहे. तू फिरव तुझं यंत्र."

तुम्ही विचाराल, एवढंच सांगायचं होतं तर गाडी काढून गावी जायचं होतं ना! बरोबर आहे. पण माणसं अशीच असतात. हजार लोकांपुढे धडाधड बोलतात आणि एका माणसापुढे त्यांची जीभ टाळ्याला चिकटते. त्याने आपलं उत्तर माझ्या काठावरच्या आवाजाच्या रेघेत लिहून ठेवलं आणि ते पोचवायची जबाबदारी माझ्यावर टाकली. मला त्याचा केवढा अभिमान होता!

आता आमची धावपळ ऐका. आवेनिदा रस्त्यावरच्या दोन थिएटरांत आमचा एकच संच चालायचा. एका थिएटरात एक बहीण दाखवून झाली, की तिला डब्यात घालून दुसऱ्या थिएटरात पळवायचं. हे पळवणारे लोक निराळेच होते. त्यांना लगारिस्ता म्हणत. आमच्या लगारिस्त्याचं नाव सेलो. किडकिडीत, डोक्याला फडकं बांधलेला, आणि सायकल अशी हाणायचा, की रस्त्यातल्या कोंबड्यासुद्धा त्याला ओळखून बाजूला होत. जरा उशीर झाला की थिएटरातून आरडाओरडा सुरू व्हायचा, "सेलोऽऽ, सायकलीला बैल जुंपलायस का?" "वाटेत लग्न लावलं वाटतं!" सेलो घामाघूम होऊन यंत्रघराच्या पायऱ्या चढायचा, मला यंत्रवाल्याच्या हातात द्यायचा, आणि मग खाली दाराशी उभा राहून धाप टाकत माझा शेवट बघायचा. रोज. नायक "पिकलं, आई!" म्हणाला की हा फडक्याने डोळे पुसायचा आणि म्हणायचा, "घाम गेला डोळ्यांत." सगळ्यांना माहीत होतं घाम कसला तो.

माझ्या आयुष्यातले ते दिवस पुन्हा आले नाहीत. दिव्याचा झोत अंगातून आरपार जायचा आणि माझ्यातला छोटा माणूस पडद्यावर ताडमाड व्हायचा. बायका हुंदके द्यायच्या, पुरुष उगाच खाकरायचे. पण माझं चित्त थाऱ्यावर नसे. मी अंधारात एकच चेहरा शोधायचे, जो मी कधी पाहिलाही नव्हता.

आणि एके दिवशी ती आली.

जानेवारीत मनिलाच्या कियापो भागात काळ्या नाझरेनोची, म्हणजे क्रूस वाहणाऱ्या येशूच्या काळ्या मूर्तीची, मिरवणूक निघते. आलिंग ताल्याचा नवस होता. ती दर वर्षी त्या दिवशी अनवाणी मनिलाला यायची आणि दर्शन घेऊन तशीच परत जायची. त्या वर्षी शेजारणीने तिला गळ घातली. "एवढ्या लांब आलोच आहोत, तर पोराचा सिनेमा बघूया की. तिकिटं आहेत माझ्याकडे." तिकिटं दिरेकनेच शेजारणीला पाठवली होती, हे तिने सांगितलं नाही. आलिंग ताल्याने अनवाणी तळपाय चोळले. मग म्हणाली, "पाय दुखतायत. बसायला मिळेल ना?"

दिरेक त्या दिवशी थिएटरच्या बाहेरच्या दालनात उभा होता. नवा सदरा घालून, केस चापून बसवून. शेवट झाला, दिवे लागले की दारात जायचं, असं त्याने ठरवलं होतं. इतका मोठा नट, पण सदऱ्याची बटणं सारखी सोडत-लावत होता, असं डोअरकीपर नंतर सगळ्यांना सांगायचा.

आत माझ्या बहिणी एकेक करून चालल्या होत्या. पडद्यावर मुलगा होडीत बसून निघून गेला. शहरात मोठा झाला. आता फक्त मी यायची बाकी होते.

मी होते सेलोच्या सायकलवर, आणि सेलो होता मिरवणुकीच्या तोंडाशी.

तो गल्लीतून निसटू शकला असता. रोज निसटायचाच. पण त्याची बायको त्या वेळी तापाने अंथरुणाला खिळली होती. आणि मित्रांनो, मनिलाच्या माणसाला नाझरेनोचा गाडा समोरून जाताना पाठ फिरवणं जमत नाही. लोक आपले रुमाल गाड्यावरच्या माणसांकडे फेकतात, ते मूर्तीला पुसून परत फेकतात, आणि तो रुमाल आजाऱ्याच्या कपाळावर ठेवतात. सेलोने चपला काढल्या, डोक्याचं फडकं सोडलं आणि फेकलं. "एवढ्याने काय होतंय," तो पुटपुटला. "आत्ता जातो."

फडकं परत आलं, पण तोवर माणसांचा लोंढा आमच्यावरून फिरला होता. सायकल कुठे, सेलो कुठे! तो डबा छातीशी धरून ओरडत होता, "सोडा, सोडा मला! शेवट आहे माझ्याकडे!" एक दाढीवाला त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "शेवट सगळ्यांकडेच आहे बाबा, चाल पुढे!"

थिएटरात पडदा पांढरा झाला. लोक पाय आपटू लागले, खुर्च्या वाजवू लागले. दिरेकला बाहेर राहवेना. मला शोधायला तो स्वतः रस्त्यावर धावला आणि त्याच गर्दीत शिरला.

आत आलिंग ताल्या त्या कोऱ्या पडद्याकडे बघत बसली होती. मग उठली.

"अगं, बस, शेवट यायचाय," शेजारीण म्हणाली.

"बघितला की शेवट. गेला. एकदा मला न सांगता गेला, आता साऱ्या मनिलादेखत गेला." तिने पदर झटकावा तसा झगा झटकला. "चल. होडी चुकेल."

दिरेकने सेलोला गाठलं तेव्हा सेलो अनवाणी होता आणि त्याच्या कोपरातून रक्त येत होतं. दिरेकने मला काखेत मारलं आणि धावत थिएटर गाठलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. यंत्रवाल्याने मला लावलं. मी जीव तोडून चालले, आणि "पिकलं, आई!" हे शब्द एका रिकाम्या खुर्चीपुढे उमटले.

मित्रांनो, त्यानंतर मी कित्येकदा पडद्यावर गेले, पण तो दिवस माझ्या अंगावरून पुसला गेला नाही.

गावच्या लोकांनी तिला सांगितलं नाही का? सांगितलं. "शेवट फार गोड आहे गं," म्हणाले. ती म्हणाली, "शेवट गोड करायचा त्याचा धंदाच आहे. आणि हे बघा, माझ्या अंगणात त्याचं नाव काढायचं नाही." मग कुणी काढलं नाही. दिरेक दर वेळी म्हणायचा, हा चित्रपट संपला की गावी जाईन. एक संपला की दुसरा सुरू व्हायचा. पुढे त्याचे चित्रपट पडायला लागले. तो नायकाचा काका झाला, मग आजोबा. आम्हाला एका पत्र्याच्या गोदामात टाकलं होतं, तिथे तो अधूनमधून यायचा. माझा डबा मांडीवर घेऊन बसायचा. उघडायचा नाही. एकदा रखवालदाराने विचारलं, "दिरेक, यात काय आहे?" तो म्हणाला, "एक राहिलेलं काम." मग एका वर्षी तो यायचा थांबला. रखवालदाराने माझ्यावरची धूळ पुसली आणि एक मेणबत्ती लावली, त्यावरून मी काय ते समजले.

गोदामात उन्हाळ्यात भट्टी आणि पावसाळ्यात डबकं. आमच्या अंगाला व्हिनेगरचा वास सुटला. तो वास सुटला की फितीचे दिवस भरले म्हणून समजा. माझ्या बहिणी एकमेकींना चिकटल्या, वाकड्या झाल्या. कुणी फिरकलं नाही. शेवटी कुणीतरी आम्हाला वजनावर विकून टाकलं.

कशासाठी, माहीत आहे? तोरोतोत. नव्या वर्षाच्या स्वागताला त्या देशात लहानथोर सगळे जे भोंगे फुंकतात, त्यांना तोरोतोत म्हणतात. जुन्या फितींचे ते चांगले होतात. नायक-नायिका गुंडाळून त्यांची पुंगी करायची आणि फुंकायची. हसू नका. माझ्या सगळ्या बहिणी तशाच गेल्या.

मी गेले तोंदो वस्तीतल्या एका झोपडीत. डबा उघडला, तेव्हा समोर एक म्हातारा बसला होता. किडकिडीत. डोक्याला फडकं. थिएटरांनी लगारिस्ते ठेवणं कधीच बंद केलं होतं, आणि सेलो आता भोंगे करून विकत होता. त्याची मुलगी लिगाया कात्री चालवत होती. तिने माझ्या तोंडाकडचा भाग कचाकचा कापलाही.

"बाबा, हिला काय वास मारतोय! लोणच्यात पडली होती की काय?"

"तुझ्या आईच्या लोणच्यापेक्षा बराय," सेलो म्हणाला, आणि सवयीने माझं टोक खिडकीपुढे धरून बघू लागला. बघता बघता त्याचा हात थांबला.

"लिगाया, कात्री ठेव."

"आता काय झालं?"

"ठेव म्हणतो ना! हिला कापायचं नाही."

"बाबा, नाताळ तोंडावर आलाय. सगळ्यांना भोंगे हवेत आणि तुम्हाला सिनेमा बघायचाय? यंत्र कुठाय तुमच्याकडे? तिचं अंग बघा, कडेची भोकंही फाटलीत. ही आता कुठल्याच यंत्रावर चढायची नाही."

"मग यंत्राशिवाय नेतो," सेलो म्हणाला. "हिला एका ठिकाणी पोचवायची राहिलीय. उशीर झालाय जरा."

लिगायाने बापाकडे नीट पाहिलं. मग कात्री ठेवली आणि मला तांदळाच्या रिकाम्या पोत्यात गुंडाळून दिलं. "सायकलवरून जाऊ नका म्हणजे झालं," एवढंच म्हणाली. सेलोने शेजारच्या घड्याळजीकडून त्याचं भिंग मागून घेतलं आणि बस पकडली.

बाहेर खारा वारा लागला तसं माझं मन हरखलं. ज्या जागेची नक्कल मी जन्मभर अंगावर वागवली, ती खरी जागा मी प्रथमच बघत होते. वाफे निम्मे मोडले होते. बाकीच्यांत पाणी चमकत होतं. झोपडीच्या दारात एक अगदी म्हातारी बाई बसली होती.

सेलोने टोपी काढावी तसं फडकं काढलं. "आलिंग ताल्या, मी मनिलाहून आलो. तुमच्या मुलाच्या सिनेमाचा शेवट आणलाय."

"त्याचं नाव इथे काढत नाहीत."

"मी नाव नाही काढत. पण त्या दिवशी पडदा पांढरा झाला, तो माझ्यामुळे. शेवट माझ्या हातात होता आणि मी मिरवणुकीत अडकलो. बायको आजारी होती. फडकं फेकत बसलो."

म्हातारीने त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "बरी झाली का?"

"झाली. पुढे पुष्कळ वर्षं भांडली माझ्याशी."

"मग बस," ती म्हणाली. "नाझरेनोपुढे मी तरी कुणाला बोल लावू?" मग तिने खाडीकडे बघत म्हटलं, "तो गेला तेव्हा मी गेले होते मनिलाला. त्याच्या शवपेटीपुढच्या रांगेत उभी होते. पण म्हटलं, मिटलेले डोळे बघून काय करू? परत फिरले."

सेलोने मला हलक्या हाताने सोडलं. मी जागोजाग चिकटले होते, पुष्कळशी पुसली गेले होते. तो बोट बोट उलगडत गेला आणि शेवटी एका ठिकाणी थांबला. मग त्याने मला उन्हासमोर धरलं आणि भिंग तिच्या हातात दिलं.

माझ्यातून पुन्हा उजेड गेला, मित्रांनो! म्हातारीने एक डोळा मिटला. चौकटीमागून चौकट बघत गेली. वाफा. पांढरं पाणी. पाठमोरा माणूस. वळलेला माणूस. तिच्याकडे बघणारा, तोंड उघडलेला माणूस.

"हे माझंच आगर," ती म्हणाली. "आणि इथे उभा राहून तो काय ओरडतोय?"

माझ्या काठावर ते शब्द होते. पण यंत्राशिवाय मी मुकी. माझा जीव कासावीस झाला. जन्मात एक निरोप सांगायचा होता, तो ऐकणारी समोर होती, आणि मला कंठ नव्हता.

सेलोने मला तिच्या मांडीवर ठेवलं, पँट गुडघ्यापर्यंत वर केली आणि तो वाफ्यात उतरला. चित्रात दिरेक उभा होता अगदी तशाच जागी जाऊन उभा राहिला आणि तिच्याकडे वळला.

"आई, तुम्ही विचारायचात ते विचारा!" तो लांबून ओरडला.

आलिंग ताल्याचे ओठ हलले. आवाज फुटेना. इतकी वर्षं ती रोज दारात येऊन तोंड उघडायची आणि मिटायची. आता तो प्रश्न बाहेर यायला कचरत होता. तिने माझ्यावर हात ठेवला, त्या उघड्या तोंडाच्या माणसावर.

"मीठ," ती म्हणाली. मग मोठ्याने, खाडीपलीकडे जाईल अशी ओरडली, "मीठ पिकलं का रे?"

"पिकलं, आई!"

आवाज सेलोचा होता. पण रोज दाराशी उभं राहून त्याने तो ऐकला होता, त्यामुळे त्यातला चढउतार दिरेकचाच होता. वाफ्यावरचे दोन बगळे उडाले. म्हातारी माझ्यावर ओणवली. तिच्या डोळ्यांतून पाणी माझ्या अंगावर पडलं, तेही खारटच.

मग तिने आपल्या खरखरीत तळव्याने तोंड पुसलं आणि हाक दिली,

"मग ये रे. भात निवतोय."

सेलो आला. दोघं जेवली. भात आणि खारवलेले मासे. मी भिंतीजवळ पोत्यावर होते.

आता मी तिच्या खिडकीत टांगलेली आहे. ऊन कललं की माझ्यातून एक छोटा माणूस जमिनीवर पडतो. आलिंग ताल्या गेली, शेजारणीची नातवंडं घरात असतात. ती नव्या वर्षाला भोंगे फुंकतात, तेव्हा मला बहिणींची आठवण येते. त्यांच्या अंगावर काय काय होतं, ते आता कुणालाच सांगता येणार नाही. माझंही अंग दर पावसाळ्यात थोडं आणखी गळतं.

मित्रांनो, तुमच्या घरात, गावात, कुठल्याशा माळ्यावर माझ्यासारखं एखादं जुनं पडलं असेल, तर ते फुंकून टाकण्याआधी एकदा उजेडापुढे धरून बघा. त्यावर कुणाचं तरी राहिलेलं उत्तर असेल. आणि तुम्हाला घरातून कुणी हाक मारली, तर उत्तर फितीवर लिहून ठेवू नका, पुढच्या वर्षावर ढकलू नका. आमच्यासारख्यांचा भरवसा नसतो, आम्हाला वाटेत उशीर होतो. भात निवायच्या आत स्वतःच ओ द्या.